जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार

प्रिय हर्षदा,

आजीचं अक्षर वाचताना डोळे फोडून घेऊ नकोस. दुसरी शिकलेल्या बाईची रेघ याहून सरळ येत नाही. फोन केला असता, पण तुझी आई कान लावून शेजारी बसते आणि आज तिलाच टाळायचं आहे.

इकडे बरं आहे. भात झोडून झालं. काळ्याची म्हैस व्याली. तुझी आई चार दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

झालं असं, तू पाठवलेलं विमानाचं तिकीट तिने फोनवर वाचलं. चौथी पास आहे, आकडे कळतात. दुबईहून दहाला निघणार, मुंबईला दोन चाळीसला उतरणार. बोटं मोजली आणि माझ्यापुढे उभी राहिली. म्हणे, आत्याबाई, जाताना पावणेदोन तास लागले, मग येताना साडेचारच्या वर कसे? विमान वाटेत चहाला थांबतं काय?

आपल्या पाड्याचा नियम तुला ठाऊक आहे. मुलगी द्यायची किंवा कामाला धाडायची ती सकाळी निघून दिवेलागणीला परतेल एवढ्याच लांब. कोणाचं बरंवाईट झालं तर शेवटचं पाणी पाजायला पोचली पाहिजे. याच नियमापायी मला जव्हारला सुईणीचं काम शिकायला जाऊ दिलं नाही. चालत दोन दिवस लागायचे. रडले नाही, गवत कापायला गेले.

तुला दुबईच्या इस्पितळातून नर्सचं बोलावणं आलं तेव्हा तुझी आई जयवंती त्याच नियमावर अडून बसली. मग मी तुझं जायचं तिकीट तिच्यापुढे धरलं. सव्वादहाला निघणार, बाराला उतरणार. म्हटलं, आपल्या उधव्याहून डहाणूचा बाजार करून यायला याहून जास्त वेळ जातो. तिने बोटं मोजली आणि तुझी बॅग भरायला घेतली.

तिकडची घड्याळं दीड तास मागे, हे मला माहीत होतं. तलासरीच्या तिकीटवाल्याने आधीच सांगितलं होतं, सव्वातीन तास, एकोणीसशे किलोमीटर. बाकी सगळं मी तिला सांगितलं, तेवढं गिळलं.

आता ती म्हणते, मी फसवलं. फसवलंच. पण काल शेजारची धोंडी अंगणात येऊन बोलली, पोरगी परमुलखात लोकांची दुखणी काढते आणि इथे म्हातारी भारे वाहते. तर तुझी आईच उसळली. म्हणे, माझी हर्षदा जिथे आहे तिथे डॉक्टरसुद्धा तिला विचारून आजाऱ्याला हात लावतात, तुझ्या घरचं कोण डहाणूच्या पुढे गेलंय? मला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने बोलली.

आता कामाचं. ते तिकीट मीही पाहिलं. त्यात येणं आहे, जाणं नाही. आई फोनवर रडली म्हणून नोकरी सोडून येतेस ना? तसं असेल तर येऊच नकोस. वीस दिवसांची रजा काढ, परतीचं तिकीट घेऊन ये, तांदळाची भाकर खा आणि कामाला जा. नियम मी मोडला, त्याचा दंड मी भरेन. पाड्यात सगळ्यांदेखत सांगून ठेवलंय, मी गेले तर हर्षदासाठी मला अडवून ठेवू नका, जो जवळ असेल त्याने शेवटचं पाणी पाजा. आणि नात कुठे म्हणून कोणी विचारलं, तर मान वर करून सांगा, ती कामावर आहे.

तुझीच, अजून धडधाकट,
नवशीआजी