कायमचा पत्ता : मावला

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी, आणि तीही मराठीत. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. पुढे सगळा जन्म बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून, तिथे इंग्रजी. आता पुरे. मी घरी आलेय. कायमची.

संकल्प : तेलुगू पुन्हा पक्कं करायचं, इथे मावल्यात सरकारी कामं त्यातच चालतात. उठसूट सॉरी, थँक्यू म्हणायचं नाही, वहिनी बिचकते. उद्या बँकेत खातं उघडायचं, म्हणजे पेन्शन इकडे घेता येईल. तासाभराचं काम.

तिकडच्या बँकेला आजच ईमेल केला. भारतात कायम राहायला आले आहे, नवा पत्ता नोंदवावा. असल्या बाबतीत मी चोख.

हे घर बाबांनी बांधलं, तहसीलमध्ये कारकुनी करून. आता दादा-वहिनी राहतात. मागची खोली माझी. तिथे सध्या ज्वारीची कोठी आणि मोडकी सायकल आहे. दादा म्हणाला, "काढू ना रुख्मा, काय घाई हाय." खरंच. काय घाई आहे?

४ फेब्रुवारी
खातं झालं नाही. काउंटरवर अनुप नावाचा ऑफिसर. फार गोड. ब्रिटिश पासपोर्ट चाळला, परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमी तं फॉरिनर निघाल्या."

म्हटलं, अरे, माझा जन्म इथल्याच सरकारी दवाखान्यातला.

"जन्माचं नाय मॅडम, पासपोर्टाचं बोलून राह्यलो. फॉरिनरची खाती हैदराबादले होतात. आमची सिस्टीम घेऊनच नाय राह्यली."

म्हणजे दोष सिस्टीमचा. मागच्या एका आजीनं विचारलं, "काऊन वं बाई, नेपाळची हायस का?" सगळी लाईन हसली. मीही हसले. आपल्या माणसांत असलं की असं मोकळं हसता येतं.

१२ फेब्रुवारी
पुन्हा गेले. या वेळी पुरावा घेऊन, दहावीच्या वर्गाचा फोटो. मागे कॉन्व्हेंटची कमान, पुढे आम्ही मुली लाल रिबिनी बांधून. अनुपनं बराच वेळ पाहिला. "यात तुमी कोनत्या?" मी बोट ठेवलं. त्यानं फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोटो परत दिला. म्हणाला, मॅनेजर साहेब हैदराबादला विचारतील.

विचारतील म्हणाला. म्हणजे झाल्यातच जमा.

२६ फेब्रुवारी
पळस फुललाय. वहिनीनं भाकरी थापता थापता विचारलं, "ताई, तुमी परत कवा जाऊन राह्यल्या?" मैत्री तिकडे एकटी आहे ना, माझी लेक. तिची काळजी वाटली असणार. कुसुमवहिनीचं मन फार हळवं. म्हटलं, आता कुठे जाते! तिनं तीच भाकरी पुन्हा थापायला घेतली.

७ मार्च
हैदराबादचं उत्तर आलं. होतं खातं! फक्त पत्त्याचा पुरावा हवा. लाईट बिल दादाच्या नावावर, म्हणून त्यानं बँकेत येऊन सांगायचं की ही आमच्याकडे कायम राहते. बस, इतकंच.

बर्मिंगहॅमचे पहिले दिवस आठवले. तिथल्या बँकेनंही असंच परत पाठवलं होतं, परदेशी मुलगी, पत्ता नाही म्हणून. आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रननं कोट चढवला, माझा दंड धरला, बँकेत नेलं आणि काउंटरवर छत्री आपटून सांगितलं, ही माझ्या घरी राहते. तोवर तिनं माझं पूर्ण नावही नीट ऐकलेलं नव्हतं.

इथे तर सख्खा भाऊ.

जेवताना दादाला सांगितलं. "येतो ना. काऊन नाय येनार?" वहिनीची भाकरी तेवढ्यात करपली. गॅस मोठा राहिला असेल.

१५ मार्च
दादाचा गुडघा दुखतो. आज नको म्हटलं.

१८ मार्च
दादा स्कूटरवरून पार लांब नार्नूरला गेला, जुन्या सहकारी गुरुजींना भेटायला. म्हणजे गुडघा बरा आहे. चला.

२५ मार्च
दादा म्हणाला, मार्चएंडला बँकवाले चिडचिड करतात, एप्रिलात जाऊ. मला हे सुचलंच नव्हतं. शाळेत आयुष्यभर हेडमास्तर होता, नियम त्याला कळतात.

मागच्या खोलीतली सायकल हलली. आता तिथे वहिनीचं शिलाई मशीन आहे.

२८ मार्च
मैत्रीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. बर्मिंगहॅमच्या बँकेचं पत्र. भारतात राहणाऱ्या ग्राहकांना आम्ही सेवा देऊ शकत नाही, एप्रिलअखेर खातं बंद होईल. कळावे. मेट्रननं उघडून दिलेलं तेच खातं.

तिथली बँक म्हणते मी आता इथली. इथली म्हणते मी तिथली. गंमतच आहे.

मैत्री फोनवर रागावली. "आई, कोणी सांगितलं होतं तुला ईमेल करायला? परत येतेय म्हणून कळव, ठेवतील खातं चालू. नाहीतर तुझी पेन्शन जमा कुठे होणार? आणि मामा अजून आला कसा नाही बँकेत?" म्हटलं, मामाची प्रकृती तुला माहीत नाही. येणारच आहे तो.

फोन ठेवल्यावर उगाच मागच्या खोलीत जाऊन बसले. मशीनच्या स्टुलावर.

१४ एप्रिल
जयंती. बँक बंद. बुद्धविहारात दादाचं भाषण होतं, दरवर्षी असतं. पांढराशुभ्र शर्ट. बाबासाहेबांनी बायकांच्या हक्कांसाठी, बापाच्या घरात लेकीला वाटा मिळावा म्हणून मंत्रिपद सोडलं, हे सांगताना त्याचा आवाज कापला. माझे डोळे भरून आले. टाळ्या वाजवून हात लाल झाले. मी अगदी समोर बसले होते, पण त्याची नजर माझ्याकडे वळली नाही. लांबचा चष्मा करून घ्यायला हवा त्यानं.

मला कुठे वाटा हवाय? एक खोली, खिडकीतून अंगणातला कडुलिंब दिसेल अशी. हे त्याला सांगायची गरजही नाही. त्याला माहीतच असणार.

१७ एप्रिल
दादा सकाळी आपणहून म्हणाला, "चाल वं, तुह्या बँकेत जाऊन येऊ." मी इस्त्रीची साडी काढली. स्कूटरवर मागे बसले, शाळेत असताना त्याच्या सायकलवर बसायचे तशी.

अनुपनं दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. विचारलं, "सर, ह्या तुमच्याकडं कायमच्या राहून राह्यल्या ना?"

दादा पंख्याकडे बघत म्हणाला, "बहीन हाय माही. पाहुनी आलेली. उनाळाभर."

अनुपनं फॉर्म पुढे ओढला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, कायमच्या म्हटलं तरच होते."

"आता तिचं घर तिकडं हाय. माह्या तोंडानं खोटं कसं बोलू?"

खरंच. दादा कधी खोटं बोलत नाही. मी अनुपला सॉरी म्हटलं. कशाबद्दल, कोण जाणे.

येताना दादानं उसाचा रस पाजला. ग्लास हातात धरून म्हणाला, "पोराचं लगन हाय पुढच्या साली. वैभवले खोली लागन ना, रुख्मा."

म्हटलं, लागेलच.

१९ एप्रिल, शनिवार
सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. पुढच्या शनिवारी जाते. ऊन सोसत नाही आता. मैत्रीनं तिकीट काढलं, तिकडच्या बँकेलाही कळवलं.

काय दिवस गेला आजचा! दादा बाजारातून मटण घेऊन आला. वहिनीनं पाट्यावर मसाला वाटला, मिक्सरला हातही लावला नाही. मला ओट्याजवळ बसवून घेऊन तिच्या लग्नातल्या गमती सांगत होती. दुपारी दादानं बाबांची नक्कल केली, साहेबासमोर फाईल उघडताना ते कसे खोकायचे ती. आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. आल्यापासून घर असं एकदाही नव्हतं. अगदी पहिल्यासारखं.

संध्याकाळी वहिनीनं माझ्या हातावर नवी साडी ठेवली, माझा हात धरूनच ठेवला आणि म्हणाली, "अजून आठ रोज राहा ना, ताई. इतकी काय घाई हाय?"

मनापासून म्हणाली. तिकीट झालंय म्हटलं.