मस्कतवरून सांभाळलेलं गवत

४ ऑक्टोबर
मस्कतला हॉटेलच्या गार्डनमध्ये परत ड्युटीवर. पण ही शेवटची खेप. सुट्टीत घरामागे फाउंटन ग्रास लावून आलो. शोभेचं गवत, जांभळे तुरे येतात. रेवदंड्याच्या एका बंगल्याचा केअरटेकर प्रणय माझा दोस्त. त्याच्या शेठला गार्डनभर हेच पाहिजे. गुढीपाडव्याला येऊन बघणार, पसंत पडलं की काम माझं. मग कायमचा घरी. इथला सुपरवायझर मला हेल्पर म्हणतो. म्हणू दे. हॉटेलचं गवत माझ्यामुळे उभं आहे.

१९ ऑक्टोबर
आईला फोनवर पाणी कसं घालायचं ते शिकवलं. म्हणाली, गवताला पाणी घालते म्हणून बाया हसतात. थोरला भाऊ रघूदादा सांगत फिरतो, आमचा बारक्या परदेशात जाऊन गवत शिकला. अडाणी लोक. आपण आठवीपर्यंत तरी गेलो.

२३ नोव्हेंबर
वहिनीने फोटो पाठवला. तुरे आले! फोटोत म्हैसही आहे. तिच्या तोंडातही तुरा. वहिनीला झापलं. ती म्हणते, म्हशीला आवडलं म्हणजे माल चांगला हाय भावोजी.
उद्यापासून रोज फोन करून लक्ष ठेवणार.

१४ डिसेंबर
मधे फोन जमला नाही. ओव्हरटाइम. आणि बॅलन्स.

११ जानेवारी
गवत वाळून सोनेरी झालंय. खरी शोभा आताच. आईला वाटलं मेलं. निक्षून सांगितलं, शेठ बघेपर्यंत हात लावायचा नाही. व्हय व्हय म्हणाली. घरात माझा शब्द चालतो.

२ फेब्रुवारी
सुपरवायझरने परमिट रिन्यू करायचं का विचारलं. सगळ्यांसमोर सांगितलं, दुसरा माणूस बघा. माझं घरी गार्डनचं काम सुरू होतंय. सगळे आपापल्या कामाला लागले. जळले असणार.

१८ मार्च
आईने गवत कापून तिथेच राबासाठी पसरलं आणि पेटवून दिलं. भाताचं रोप करायची जागा भाजली माझ्या फाउंटन ग्रासने. फोनवर खूप ओरडलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेण व्हतं, पाला व्हता, गवत कमी पडत व्हतं. तुजं उभं वाळलेलं. राबाला न्हाय घालायचं तर काय आरती करायची?"
शेठचं सांगितलं तर म्हणाली, "शेठ कवा येल तवा येल. भात थांबल का?"
हरकत नाही. खाली गड्डे जिवंत आहेत. पाडव्यापर्यंत फुटतील.

३० मार्च
फुटले नाहीत. प्रणय शेठला घेऊन गेला होता. शेठने काळी जमीन बघितली, चहा प्यायला, गेला.

९ एप्रिल
प्रणयचा मेसेज. शेठने प्लास्टिकचं गवत टाकलं. वाळत नाही, जळत नाही. प्रणयला आता दोस्त म्हणणार नाही.

१२ एप्रिल
सुपरवायझरकडे स्वतःच गेलो. त्याने वर बघितलंसुद्धा नाही, परमिटच्या कागदावर सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

२६ जून
आईचा फोन. रोप एवढं जोमदार कधी आलं नव्हतं, आजूबाजूचे बघायला येतात. पुढच्या राबाला तसलं गवत आणखी घेऊन ये म्हणाली. सांगितलं, आता दोन वर्षं येणं नाही.
मग म्हणाली, "बरं. तवर पाल्यावर भागवू."