अकरा वीसचा मेसेज

चि. ठमाबाईस,

आज माझ्या वर्गात भूमितीचं प्रमेय ऐन रंगात आलं होतं आणि मागच्या बाकांवरच्या पाच माना खाली गेल्या. मी कसली ऐकतेय! पाचही मोबाइल टेबलावर आणायला लावले आणि "घरचे इथे शिकायला पाठवतात की गप्पा मारायला?" म्हणून सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. तेवढ्यात एकापाठोपाठ तीन मोबाइल उजळले. तिन्हींवर आईचाच मेसेज होता, "डबा खाल्लास का?"

वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही.

रोज अकरा वीसला, माझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत, मीही तुला हेच विचारते, आणि तुझा तेव्हा तास चालू असतो. तू मिनिटात उत्तर देतेस, याचं मला केवढं कौतुक! तेव्हा तुझ्या फळ्यावर काय चाललं असेल, हे कधी मनातही आलं नाही. तुझा विषय राहिला तेव्हा नावं मात्र तुझ्या सरांना ठेवली. चूक माझी होती.

म्हणून आज मेसेज न करता हे वहीत लिहितेय. ते वहीतच राहील.

आत्ता तुझाच मेसेज आला, "आई, बरी आहेस ना?"

ठणठणीत आहे गं. पण ते तुला तुझा तास सुटल्यावरच कळेल.

तुझी,
आई