नारिंगी ओळ

४ मार्च
पोचले एकदाची! ताईने माझ्यासाठी खोली झाडूनपुसून ठेवलीय. भावजींनी त्यांच्याच कंपनीत नोकरी लावून दिली. वर म्हणतात, मेहुणीला शिफारस कशाला, डोकं आहे की. इस्पितळात रोग्याच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारं यंत्र असतं ना, त्याला चालवणारा कोड आम्ही लिहितो. माझं काम मोठं मजेचं. त्या कोडचा रंगीत नकाशा करायचा: जुन्या ओळी निळ्या, नव्या नारिंगी. ओळीवर बोट ठेवलं की ती कोणी, कधी बदलली ते दिसायला हवं.

११ मार्च
नकाशा उभा राहिला! पडदाभर निळंशार, मधूनमधून नारिंगी ठिपके. चाचणी विभागातल्या काकू म्हणाल्या, इतकी वर्षं या कोडशी संसार केला, त्याचं तोंड आज पाहिलं.

१९ मार्च
काल कुठल्याशा इस्पितळात आमच्या यंत्राने एका बाईला भलतंच जास्त औषध सोडलं. गेली बिचारी. आता चौकशी होणार. मी नकाशात शोधलं. प्रमाण ओलांडलं की यंत्र थांबवणारी ओळ गेल्या वर्षीच बंद केलेली. नाव भावजींचं. फोटो काढून ठेवला आणि त्यांनाच विचारलं. हसले. म्हणाले, घरातली गोष्ट घरात ठेव, मी निस्तरतो.

२१ मार्च
ती ओळ आता नारिंगी आहे. तारीख १२ मार्च. नाव माझं.
मी त्या फाइलला हातही लावलेला नाही! मागचा सगळा इतिहासच कोणीतरी नव्याने लिहिलाय. ताईच्या गळ्यात पडून रडले, फोटोचंही सांगितलं. तिने केसांवरून हात फिरवला. मग फोन बघायला मागितला.

२२ मार्च
फोटो नाही. ताई विचारते, कसला फोटो?
काकूंना फोन केला. पोरी, असं का केलंस गं, एवढंच म्हणाल्या. ठेवून दिला.

२३ मार्च
खोलीला बाहेरून कडी. फोन ताईने नेला. हाका मारमारून घसा बसला. ती दाराशीच होती — श्वास ऐकू येत होता — ओ दिली नाही. माझी सख्खी ताई —

२४ मार्च
दोघं आत आलीत. ताईने पेन हातात दिलं. एकच ओळ लिही म्हणते, आधीची पानं ती फाडणार. मी भलतंच लिहितेय, तिला अजून —
भावजी खिडकी उघडतायत. पाचवा मजला —
अक्षर माझंच हवं म्हणे. ताईने मनगट धरलंय, घट्ट —
ही चूक माझ्याच हातू