चौथ्यातून तिसऱ्यात, काका स्ट्रेचरवर

३ मार्च, सोमवार
नोकरी मिळाली! म्हणजे जवळजवळ. शववाहिकेवर ड्रायव्हर. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "निदान इथले प्रवासी तरी तुझ्याशी भांडणार नाहीत."

दोन वर्षांत ही सातवी. शीतगृह, छापखाना, बोटीवरचं स्वयंपाकघर, एका फोटोवाल्याची छत्री धरणं – बाकीच्या आठवायच्या म्हटल्या तरी कंटाळा येतो. पण ह्या नोकरीबरोबर गॅरेजवरची खोली आहे! खिडकी, नळ, आणि दाराला कुलूप – ज्याची किल्ली माझ्याकडे. सध्या मी ताईच्या सोफ्यावर. सोळाला तिच्या सासूबाई येणार, सोफा त्यांना. दाजी रोज सकाळी विचारतात, "काय मग, पुढचा कार्यक्रम?" फार प्रेमाने विचारतात. म्हणूनच जास्त लागतं.

अडचण एकच. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे शिस्त आहे." शिस्त म्हणजे असं – एकतीस वर्षं गाडी चालवणारे काका गुडघ्याच्या ऑपरेशनला चाललेत. त्यांनी फॉर्मवर सही केली तर मी. पंधराच्या बैठकीपर्यंत सही नसली तर सेक्रेटरींचा भाचा. "तो काय, तयारच आहे," असं तीनदा म्हणाले.

४ मार्च
काका शेजारी बसलेच नाहीत! मागे गेले, स्ट्रेचरवर आडवे झाले, छातीवरून पट्टा बांधला, डोळे मिटले.

"काका, बरं वाटत नाही का?"
"प्रवासी कुठे असतो?"
"मागे."
"मग परीक्षा कुठून घेऊ? टपावरून?"

हॉस्पिटल टेकडीवर. तिथून खाली लांब उतार, तीन वळणं, तळाशी स्पीडब्रेकर आणि सिग्नल. मी गिअर कधी बदलला हे काकांना कळता कामा नये. "मला झोप लागली की सही," म्हणाले.

पहिल्या वळणावर चौथ्यातून थेट दुसरा टाकला. गाडी अशी कुंथली! मागून काका स्ट्रेचरसकट सरकत येऊन मधल्या जाळीवर आदळले.

"अरे, जिना उतरतोस का गच्चीवरून उडी मारतोस?"
"चुकून झालं काका. डोळे मिटा तुम्ही."
"मिटलेलेच आहेत! मी मेलोय, बहिरा नाही झालो. इंजिन बोंबलतंय ते ऐकू येतं मला!"

५ मार्च
मान आखडली आहे. काकांची. काकू शेकत होत्या. माझ्याकडे बघून पिशवी जरा जोरातच दाबली.

६ मार्च
आज सराव झाला नाही. गाडीतलं घड्याळ बंद दिसलं, म्हणून उघडलं. मग त्यातली बारकी स्प्रिंग उडाली. ती शोधताना सीटखाली एक मोजा सापडला, आणि तो कुणाचा असेल ह्या विचारात दुपार गेली. काका गुडघा चोळत आले. "घड्याळ कुणासाठी दुरुस्त करतोयस? मागच्याला घाई नसते." मग शांतपणे, "तुला मात्र आहे."

८ मार्च, शनिवार
फॉर्म पाहिला. सेक्रेटरींनी तो एका सहलीच्या कंपनीकडून आणलाय, वरचं नाव फक्त बदललंय. "चालक प्रवाशांशी हसतमुखाने बोलतो का?" "प्रवाशांना वाटेतील स्थळांची माहिती देतो का?" आणि शेवटी – "प्रवासी पुन्हा आपल्या सेवेचा लाभ घेतील का?"

काकांनाही दरवर्षी स्वतःसाठी हाच फॉर्म भरावा लागतो, आणि त्या रकान्यात त्यांनी दरवेळी "सांगता येत नाही" लिहिलंय. एकतीस वर्षं. कुणी विचारलं नाही.

सरावात आज काय शिकलो ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. आधी ब्रेक. वेग उतरू द्यायचा. मग क्लच. मग एकच गिअर खाली – चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा, पायरी गाळायची नाही. क्लच सोडायच्या आधी पायाने किंचित रेस. मग क्लच – "झोपलेल्या बाळाच्या मानेखालचा हात काढतात तसा," इति काका. मी कधी बाळ झोपवलंय! तरी कळलं.

कळलं, पण पायाला अजून कळलेलं नाही.

१० मार्च
भाचा आला! गॉगल, सेंट, आणि पेनड्राइव्हमध्ये गाणी. सेक्रेटरी म्हणाले, "तुलना करायला काय हरकत आहे?" काका पुन्हा स्ट्रेचरवर. मी मागच्या बाकाच्या कोपऱ्यात.

भाच्याने उतार लागताच गाडी न्यूट्रल केली. "पेट्रोल वाचतं!" वेग वाढत गेला, हा ब्रेक दाबतोय, मग आणखी दाबतोय. दुसऱ्या वळणावर जळका वास. कशीबशी थांबली. काकांनी पट्टा सोडला, मागचं दार उघडलं आणि लंगडत चालत निघाले. समोर एक बाई टोमॅटो घेत होती. शववाहिकेतून म्हातारा उतरून "जरा बाजूला हो गं बाई" म्हणाला – तिच्या हातातली पिशवीच पडली. सगळे टोमॅटो उतारावरून घरंगळत खाली. तेही न्यूट्रलमध्येच.

सेक्रेटरींचं मत – "मुलगा काटकसरी आहे."

११ मार्च
दाजींचा सिद्धांत : "गिअर खाली घ्यायचाच कशाला? ब्रेक काय शोभेला दिलाय?" हेच काकांना विचारलं. म्हणाले, उतारावर एकट्या ब्रेकला राबवला की तो तापतो आणि ऐन वेळी हात वर करतो. इंजिनलाही ओझं उचलू दे.

"ते ठीक. पण एवढं हळुवार कशाला? मागच्याला कुठे कळतंय?"

काकांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मग म्हणाले, "मागे बाकावर घरची माणसं असतात. त्यांचं लक्ष सगळं त्याच्याकडे. धक्का बसला की त्याचा हात हलतो. आणि त्यांना वाटतं..."

दार लावून घेतलं. आज विनोद सुचत नाही.

१३ मार्च, गुरुवार
सात फेऱ्या. घड्याळ नाही, मोजा नाही, काही नाही! पाचव्या फेरीला तिसरा असा बसला की मलाच कळलं नाही. सहाव्या फेरीला तेच करायला गेलो, गाडीने गचका मारला. मागून फक्त "हं." हे "हं" शिवीपेक्षा वाईट आहे. उद्या शेवटचा दिवस.

१४ मार्च
घोरले!!

पहिलं वळण, चौथ्यातून तिसरा – मागून काही नाही. दुसरं वळण – थोडं हललं वाटतं. तिसऱ्या वळणावर, दुसऱ्यात घेताना, मागून घर्रर्र! आधी वाटलं, गिअरबॉक्स गेला. आरशात पाहिलं तर काका, तोंड उघडं, मस्त घोरतायत. स्पीडब्रेकरवरही नाही उठले! सिग्नलला हाक मारली तेव्हा डोळे चोळत म्हणाले, "आलं का? लागली रे झोप." बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. हसतमुखाने बोलतो का – "गरजेपुरता".

१५ मार्च
बैठक झाली. सेक्रेटरींनी शिस्तीवर पाऊण तास भाषण केलं. भाच्याला "सल्लागार" केलंय. कशाचा, ते ठरायचंय.

खोली माझी! किल्ली चारदा फिरवून पाहिली. ताई आली, खिडकी पुसून गेली. मी स्वतःला एकंदरीत उत्तम ड्रायव्हर समजतो.

१७ मार्च, सोमवार
काकांना बघायला हॉस्पिटलला गेलो. ऑपरेशन नीट झालं, औषधाने झोपले होते. बाहेर बाकावर काकूंना मी रंगवून रंगवून सांगत होतो – तिसरं वळण, दुसरा गिअर, आणि काका कसे घोरायला लागले!

काकू म्हणाल्या, "घोरले? हे? चाळीस वर्षं शेजारी झोपतेय मी. एकदाही नाही." मग माझा चेहरा बघून, जरा हळू : "शुक्रवारी घरी आले तेव्हा म्हणत होते, पोरगा अजून कच्चा आहे, पण ऐकून घेतो."

पहिली खरी फेरी उद्या दहाला. वारलेल्या आजोबांची मुलगी मागे बाकावर बसणार आहे.

आत्ता तीन वाजलेत. दाजींना स्ट्रेचरवर घेतलंय, पट्टा बांधलाय. हात मोकळे ठेवायला सांगितलेत. निघतो टेकडीवर.