बुधवारचा पुकारा

प्रिय सरिता,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? पुण्याची हवा मानवली का? माझी तब्येत छान आहे (हे वाक्य मी मिशनच्या हॉस्टेलात अंगात ताप असतानाही म्हणायचे, सिस्टरांनी तेच तर शिकवलं होतं).

आमच्या तहसील कचेरीत आता दर बुधवारी समुपदेशक मॅडम येतात. कर्मचाऱ्यांनी मनातलं बोलावं, सगळं गुप्त राहील, असं परिपत्रक निघालं (वाचल्याच्या सह्या सगळ्यांनी केल्या, गेलं कोणीच नाही). इंद्रभान म्हणाला, "मी काय येडा हाय? सर्व्हिस बुकात लाल शाईनं लिवतीन!" हेमसिंग तेवढा जाऊन आला, तोही किन्हीराजाला बदली मागायला.

शेवटी मी गेले. मे महिन्यात रिटायर होते आहे, आणि आमचे माणिकराव गेल्यापासून घरात माझ्याशी फक्त कुकर बोलतो. पण दारावर बबनराव शिपाई. आयुष्यभर त्यांनी सुनावणीला आलेल्या पक्षकारांचा पुकारा केला. सवय कुठली जाते? व्हरांड्यात उभं राहून तीनदा ओरडले, "रत्नमालाबाई माणिकराव, हाजिर हो!" सातबाऱ्यासाठी आलेलं अर्धं शिरपूर माझ्याकडे वळून बघू लागलं. वर रजिस्टर पुढे केलं: नाव, कामाचे स्वरूप, निकाल. मी म्हटलं, बबनराव, हे गुप्त असतं हो. "म्हून तं हळू इचारून राह्यलो, बाई. काय लिवू, टेन्शन?"

आतल्या मॅडम लेकीच्या वयाच्या. मी सवयीने "फाइन, थँक यू" म्हणणार, तोच त्यांनी विचारलं, मन कोणाजवळ मोकळं करता? तोंडातून तुझंच नाव आलं गं. हॉस्टेलच्या गच्चीवर एका शालीत बसून आपण काय काय बोलायचो, ते सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, शेवटचं कधी बोललात? "चार वर्षं झाली" म्हणताना रडूच फुटलं. भांडण कुठे होतं? तू फोन करत राहिलीस, माणिकराव गेल्यावर मीच उचलायचं सोडलं.

तुझीच,
रत्ना

ता. क. हे पत्र मॅडमनी दिलेला गृहपाठ आहे. रागावू नकोस, गृहपाठ तुझ्या गुडघ्यांच्या चौकशीपर्यंतच होता, पुढचं माझं.

पुन्हा ता. क. बाहेर आले तर बबनरावांनी "टेन्शन" खोडून "मैत्रीण" लिहिलेलं (दाराला कान न लावता कसं कळलं, ते त्यांनाच ठाऊक). निकालाच्या रकान्यात "प्रलंबित". म्हणाले, "त्या बाईले घेऊन या, मंग निकाली काढतो." एखाद्या बुधवारी ये गं. हा पहिला पुकारा समज.