उजवी बाजू

दिग्रस, ८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. विजयमालाताईंस,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

भाऊबीज करून तुम्ही महागावला सुखरूप पोचल्या असाल. फोन केला असता, पण माझा फोन आता यांच्या खिशात असतो आणि बोलायचं तर सासूबाईंसमोर. म्हणून हे पत्र तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते. उत्तर घरी पाठवू नका, शेजारच्या शिलाईवाल्या मानीबाईंच्या नावानं पाठवा.

ताई, भाऊबीजेच्या सकाळी उटणं लावून देताना तुम्ही माझ्या पोटावरच्या टाक्यांचं विचारलं. लग्नात माझ्या मायनं अपेंडिक्स सांगितलं होतं. तुम्ही माया लावली म्हणून मी खरं बोलले, की अकरावीत असताना उजव्या अंडाशयावर गाठ झाली, ती पिळली गेली आणि डॉक्टरांना ते अंडाशयच काढावं लागलं. तुम्ही तिथंच तुमच्या पायलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की ही गोष्ट माझ्या पोटातच राहील. तुमची एसटी आर्णीच्या पुढंही गेली नसेल, तोवर सासूबाईंनी माझ्या हातचा चहा बंद केला.

आता त्यांचं एकच चाललंय. उजवीकडून पोरगा येतो, डावीकडून पोरगी, आणि उजवी तर कापून टाकलेली. म्हणजे जाईच्या पाठीवर हीसुद्धा पोरगीच. मला तिसरा महिना आहे हे तुम्हाला माहीत आहे. चोरून सोनोग्राफीची मशीन लावायचीही गरज नाही म्हणतात, आपल्याला आधीच कळलं. पाडायच्या गोळ्या आणून देवघराच्या फळीवर ठेवल्यात. मी पाया पडले, पण त्या तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तुम्हीच त्यांना समजवा. हे लेकरू मला पाहिजे.

मुलांना आशीर्वाद. लोभ केला आहे तो निभवा.

तुमची,
वैष्णवी


महागाव, १५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वैष्णवीस,
अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. पहिले लय राग आला, मंग हसू आलं. नणंदेले असं लिहितेत का बाप्पा! मी काही चुगली नाही केली. मायनं विचारलं की या खेपेले काय होईन, तं माह्या तोंडातून निंघून गेलं. ते माय हाय माही, तिच्यापुढं माह्या पोटात काही टिकत नाही. आन् खोटं तं आधी तुह्या माहेरानं सांगतलं. अपेंडिक्स म्हणून पोरगी गळ्यात बांधली, आता शपथ मोडली म्हणून माह्यावरच डोळे वटारतं. चोराच्या उलट्या बोंबा!

डाव्या-उजव्याचं मायनं मनानं नाही काढलं. माह्याच पोटाचं पाह्य. पायलच्या वक्ताले डावीकडं ओढ होती, आन् रोशन होता तं उजव्या कुशीवर झोपू देत नव्हता. अनुभवापुढं डॉक्टर काय सांगन? अतुल एकटा भाऊ हाय मले. त्याच्या घरी दिवा नको काय? गोळी घे, चार दिवस कळ सोस, मंग पुढचं पाहू. मायच्या मनाविरुद्ध राहून तुले त्या घरात सुख लागनार नाही, हे मी तुह्या भल्याचं सांगून राह्यली.

इकडं कापूस वेचाले बाया भेटत नाहीत. अंगणवाडीतले पोट्टे मायसंगं वावरात, मी एकटीच खिचडी ढवळत बसतो. पायल तुही आठवण काढते. मामीसारखी वेणी कोनी घालत नाही म्हणते.

जाईले पापा. रुसून लोभ आटवू नको.

तुही,
विजयमालाताई


यवतमाळ, ३ डिसेंबर २०२४

ती. सौ. विजयमालाताईंस,
सा. न. वि. वि.

वरचं गाव पाहून मी माहेरी आले हे समजलंच असेल. गोळ्या मी घेतल्या नाहीत. सासूबाईंनी त्या दुधातून द्यायचं ठरवलं हे जाईनं ऐकून मला सांगितलं, चार वर्षांच्या पोरीनं. त्यानंतर त्या घरात मी पाणीसुद्धा प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी जाईला घेऊन निघाले. यांनी अडवलं नाही. पिशवी तेवढी स्वतः उचलून ऑटोत ठेवली आणि दुकानात गेले.

माझ्या भावानं, अक्षयदादानं, इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांना मी डाव्या-उजव्याचं विचारलं, तर त्या हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. त्यांनी चित्र काढून समजावलं. पोरगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या दोन्ही अंडाशयांत तिची सगळी बीजं भरलेली असतात. वयात आली की महिन्याला त्यातलं एक पिकून सुटतं, कधी या बाजूचं, कधी त्या. एक अंडाशय गेलं तर दुसरं एकटंच दर महिन्याला काम ओढतं, आणि पाळी येण्यासाठी, हाडं टिकण्यासाठी जे रस लागतात तेही तेच पुरवतं. आणि ताई, बाईच्या बीजात पोरगा-पोरगी असं काही नसतंच, मग ते डावं असो की उजवं. ते पुरुषाच्या बीजावर ठरतं. कोणाला बोल लावायचाच असेल तर तुमच्या भावाची पाटी कोरी नाही. पण तेही बिचारे ठरवून करत नाहीत.

एकदा येऊन ऐकून जा, असं मी यांना कळवलं. दुकान कोण पाहील म्हणे.

पायलची वेणी मी घालीन, तिला इकडं पाठवा. बाकीचा लोभ तुमच्या मनावर.

वैष्णवी


महागाव, १५ जून २०२५

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

पोट्टी झाली ते कळलं. दोघी खुशाल असा. झबलं पाठवनार होती, पण मायले समजलं तं माहं माहेर बंद होईन.

राग नको मानू, पण माय म्हणे तेच झालं ना? तिनं साऱ्या गल्लीत सांगतलं, की पाहा, म्या आधीच म्हटलं होतं. तुह्या डॉक्टरीनबाईचं चित्र काय कामी आलं? लोक पोट्टी पाह्यतेत, चित्र नाही पाह्यत.

अतुलसाठी पुसदकडची एक पोरगी पाह्यली. एकदा फसलो म्हणून मायनं या वक्ती आधी पोरीची सोनोग्राफी करून मागतली, दोन्ही बाजू शाबूत हायेत का म्हणून. तिच्या बापानं आणून देली, मुकाट्यानं. आता सारं तुह्यावर अडलं. वकिलाचे फारकतीचे कागद येतीन, सही करून दे. भांडून कायले आपलं हसं करून घेतं? तू अजून तरणी हायेस, शिलाई येते, भाऊ पोसून राह्यला. मनातला कडूपणा काढून टाक.

असला तं लोभ ठेव.

विजयमाला


महागाव, २१ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र फाडून टाकू नको, तुह्या पाया पडतो. पूर्ण वाच.

पायलच्या पोटात दुखून राह्यलं होतं. पाळीचं असन म्हणून मी ओवा देला, शेक देला. शेवटी डॉक्टरले नेऊन दाखवलं. उजव्या अंडाशयावर गाठ हाय म्हणते, मोसंबीएवढी. अंडाशय वाचन असं वाटत नाही, गाठ पिळली जायच्या आत ऑपरेशन करा म्हणते. अवो माय! तुहंच सारं मले तोंडपाठ होतं.

माय म्हणते उजवीले हात लावू देऊ नका, पोरीले बायको कोन करन? एका वैद्याचा पाला आणून देला तिनं. पायलचे बाबा म्हणतेत, दोन-तीन वर्षं दम धरा, लग्न होऊ द्या, मंग तिच्या घरचे पाहून घेतीन. मी काही बोलाले गेली तं दोघंही तुहं नाव घेतेत, की त्या वैष्णवीचं काय झालं ते पाह्य. आता मी कोन्या तोंडानं सांगू, की तुहं काहीच बिघडलं नव्हतं?

तुले पाळी बरोबर येते का? तुही डॉक्टरीनबाई पायलले पाह्यन का? सहीचं मी आता काही बोलत नाही, करू नको. फक्त हे कोनाले सांगू नको, अक्षयलेही नाही. आम्ही अपेंडिक्सच सांगनार.

एक विचारतो, खरं सांग. शपथ मी पायलच्याच डोक्यावर हात ठेवून घेतलती. ते मोडली म्हणून तं हे झालं नाही? मले झोप नाही. पोट्टी समोर जेवत बसली की मी उठून चुलीपाशी जातो.

माह्यावर नाही तं पायलवर लोभ कर.

तुही अभागी,
ताई


यवतमाळ, २५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. विजयमालाताईंस,
सा. न. वि. वि.

जूनच्या पत्रात तुम्ही माझ्या नावामागचं सौ. काढून टाकलं होतं. गरज पडली तसं ते परत आलं. असो.

पायलला घेऊन या. पाला नको, लग्नाची वाट तर मुळीच नको. माझी गाठ पिळली तेव्हा मी वर्गात बाकाखाली पडून ओकत होते, पोरीवर ती वेळ आणू नका. पायलचे बाबा घनश्यामभाऊजी नाही म्हणाले तरी तिला घेऊन एसटीत बसा, मी जाईला घेऊन बसले होते तसंच. तिची डावी बाजू चांगली असली तर तिचं काहीही अडणार नाही. मला पाळी बरोबर येते. आणखी खात्री पाहिजे असेल तर माझी धाकटी इथं पालथी पडून हसत असते, ती पाहा. दिग्रसच्या गल्लीनं तिला माझ्या अधूपणाची साक्ष केलं. तुम्ही तरी तिच्याकडं नीट पाहा.

कोणाला सांगणार नाही. मला ते जमतं. पण अपेंडिक्सला माझी साथ नाही. माझ्या मायनं मला वाचवायला तेच केलं, आणि त्याच एका खोट्यानं तुम्हा लोकांना माझ्यावर हात टाकता आला. पायलला सारं खरं सांगा. तुमची जीभ वळत नसेल तर मी सांगीन, वेणी घालता घालता.

आता शपथेचं. ताई, हो लिहावं असं माझ्या मनात आलं. पेन कागदावर टेकवला होता. जन्मभर तुमच्या डोळ्याला डोळा लागला नसता, आणि मला बरं वाटलं असतं. इतकं तुम्ही मला कडू करून ठेवलं आहे. पण ते खरं नाही. अंडाशयाला शपथ ऐकू येत नाही, जसं त्याला डावं-उजवं कळत नाही. तुमच्या पोरीला गाठ झाली, कारण पोरींना कधी कधी होते. जे वाईट केलं ते तुम्ही माझं केलं, आणि त्याची फेड पायलच्या पोटातून मला नको.

कोणत्या गाडीनं येता ते कळवा, मी स्टँडवर थांबते. लोभ मात्र मागू नका. होता तेवढा पायलसाठी राखला आहे, तुमच्या वाट्याला काही उरला नाही.

वैष्णवी